गजा मेस्त्रीचं तिरकं अक्षर

मित्र जमले की फर्माईश ठरलेली, "फौंड्रीतलं काहीतरी सांग ना यार!" घाटकोपरच्या त्या टाइप फौंड्रीत मी खिळे जुळवायचो, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळी लावायचो. किस्से काय, रोज घडायचे. पण सांगायला बसलो की निम्म्याहून जास्त गजा मेस्त्रीचेच निघतात. त्याला मी काय करू!

गजा आमचा आर्टिस्ट. तो कागदावर अक्षरं काढायचा, त्यावरून साचे व्हायचे. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, जिकडेतिकडे नवी दुकानं, नव्या जाहिराती. शेठ एकदा फोर्टातून इंग्रजी टाइपाचं पुस्तक घेऊन आले. त्यातलं एक जाडजूड, उजवीकडे कललेलं अक्षर दाखवलं. टोकांना छोटे छोटे पाय, कुठे जाड, कुठे केसाएवढं बारीक. म्हणाले, "गजाभाय, मराठीत असाच पायजे. टाइप पुरा झाला की मागची खोली तुझी!"

खोली! गजाच्या लग्नाला तीन वर्षं झालेली. बायको सुमन मालवणला, आणि हा कुर्ल्याला गाववाल्यांच्या खोलीत, अकरा जणांत. नुसतं 'खोली' म्हटलं तरी गड्याचे कान लाल व्हायचे.

*

पहिलं रेखाटन बघून शेठ म्हणाले, "अरे, हा तर पडेल!"

गजाचा बाप गलबतांवर नावं रंगवायचा. गजा म्हणाला, "शेठ, शिडात वारा भरला की गलबत कलतं, पडत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच, "अक्षराक वारो लागाक होयो, मेल्या!"

शेठनी जन्मात गलबत बघितलं नव्हतं. तरी मान डोलावली.

*

तिरक्या अक्षराची वेलांटी शेजारच्या खिळ्यावर लोंबते. मुलुंडच्या एका नाटक मंडळाच्या हँडबिलाला आम्ही नवा टाइप लावून पाहिला. मशीनचा पहिला दाब पडला आणि कट् कट् कट्! वेलांट्यांची पार वाट लागली. मंडळाचा सेक्रेटरी बोंब मारतोय, शेठ कपाळ धरून बसलेत, आणि गजा आपला जमिनीवर बसून तुटलेल्या वेलांट्या वेचतोय.

"किती मोडल्या रे?" मी विचारलं.

"सतरा. सगळे साचे पुन्हा बनवायचे." मग बोटांवर महिने मोजून म्हणाला, "म्हणजे पावसाळा लागणार. मालवणची आगबोट बंद. दिवाळीपर्यंत सुमन काही येत नाही."

मला हसायला येत होतं, ते तिथल्या तिथे थांबलं.

*

बोरिवलीचे एक मास्तर काकांच्या तेराव्याचं कार्ड छापायला आले. अक्षर ठळक हवं म्हणाले. मी नव्या टाइपाचा नमुना पुढे केला, तर गजाच आडवा आला. "मास्तर, हे अक्षर धावतंय. गेलेल्या माणसाला शोभत नाही."

मास्तर शांतपणे म्हणाले, "आमचे काका शेवटच्या दिवसापर्यंत धावतच होते. लावा हेच!"

*

दुपारी डबा खाऊन झाला की गजा गायब. एकदा शोधत गेलो, तर हा त्या मागच्या खोलीत. शिशाच्या विटा रचलेल्या, मधे उभं राहायला जेमतेम जागा. हा बोटाने दाखवतोय, "इथे चूल. इथे तिची ट्रंक. खिडकीत तुळस."

"आणि तू?"

"मी काय रे, कुठेही कलंडेन!"

हसलो दोघंही. पण खरं सांगतो, मला त्याचं फार वाईट वाटलं.

*

आणि राग पण यायचा! कारण नंतरचा उशीर शेठचा नव्हता, गजाचाच होता. साचे सुधारले, वेलांट्या टिकल्या, शेठ म्हणाले "झकास!" तरी याचं समाधान नाही. प्रूफ निघालं की लाल पेन्सिल घेऊन नापसंत अक्षराखाली फुली. 'ग' फुगला, फुली. 'ल' ताठ झाला, फुली.

मी चिडून बोललो, "अरे, बायको आणायचीय की अक्षरं कुरवाळत बसायचंय?"

"तिच्यासाठीच करतोय ना! ती येईल तेव्हा तिला चांगलं दाखवायला नको?"

चांगली प्रूफं शेठच्या कपाटात जायची. फुल्यांची रद्दी गजा गावी पाठवून द्यायचा. सुमनला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या हातचं काहीतरी म्हणून जपून ठेवत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

दिवाळी झाली. एका सकाळी फौंड्रीच्या पत्त्यावर गजाला पोस्टकार्ड आलं. बघतो तर मी चाटच पडलो! जाड, बारीक, उजवीकडे कललेलं, टोकांना पाय. बाई त्या रद्दीवरून लिहायला शिकली होती! शाळेत जाणाऱ्या नणंदेला एकेक अक्षर विचारून, आधी कडेची रेघ काढून, मग आत शाई भरून. तीनच शब्द. "खोली गावली काय?"

आणि प्रत्येक अक्षराखाली, न चुकता, एक फुली. तीही अक्षराचाच भाग असणार, असं तिला वाटलं होतं.

गजाने कार्ड खिशात घातलं. मग टेबलावरचं प्रूफ उचललं आणि सरळ शेठच्या केबिनमध्ये गेला. मी मागोमाग.

"शेठ, टाइप पुरा झाला."

"पुरा? अरे, कालच तर सात फुल्या मारल्यास!"

"त्या अक्षरातच येतात," गजा म्हणाला. "किल्ली द्या."