सात नंबरचा वाफा

दुपारचे तीन वाजलेत. माती परीक्षण प्रयोगशाळेत पंखा संथ फिरतोय आणि सुनंदा गावंडेंचे डोळे जड होत चाललेत. समोर तीस वर्षं चाललेल्या प्रयोगाचा अहवाल आहे: कोणत्या वाफ्याच्या मातीत किती सेंद्रिय कर्ब उरला. फक्त सही व्हायची आहे. त्या टेबलावर हात ठेवतात, हातावर डोकं.

"मॅडम, सात नंबर राह्यला ना?"

शेषराव तायडे दारात उभे. बावीस वर्षं याच वाफ्यांतले नमुने त्यांनी खणून आणले, दिवाळीआधी वारले. ते दवाखान्यात होते तेव्हा सात नंबरला कुणी फिरकलंच नाही. सुनंदाबाईंनी मागच्या सालचा आकडा उतरवला.

शेषराव चिमूटभर करडी माती पुढे करतात. सुनंदाबाई ती फ्लास्कमध्ये घालतात, वरून नारिंगी औषध, मग आम्ल. ब्युरेटमधून थेंब सोडतात. मातीत कर्ब जास्त असेल तर थेंब कमी लागतात. इथे थेंब सरतच नाहीत. शेवटी हिरवा रंग येतो, तोही मातीच न घातलेल्या फ्लास्कला येतो तिथेच.

"यात काहीच नाही, शेषरावभाऊ."

"हाय ना. मी हाय त्यात." ते हसत नाहीत. "जयालेलं, राख झालेलं, तुमच्या औषधाले दिसत नाही. तुमीच सांगतलं होतं मले."

फ्लास्क खाली ठेवायला जावं तर टेबल नाही. वाफा आहे, सात नंबरचा. नमुन्याला वीतभर खड्डा पुरतो. शेषराव खणतच चाललेत.

"किती लिवलं?"

"मागच्या सालचंच."

"मंग उतरा. खरं किती, पाहून घ्या."

त्या उतरतात. माती थंड आहे. कमरेला लागते, मग गळ्याला. शेषराव वरून फावड्याने लोटताहेत, घाई न करता, रोजचं काम असावं तसे.

"भाऊ, थांबा हो!"

"तोंड मिटा, मॅडम."

पंखा फिरतोय. तीन वाजून दहा मिनिटं. सुनंदाबाई पेन उचलतात, सात नंबरपुढचा आकडा खोडतात, बाजूला 'नमुना घेतला नाही' असं लिहितात. त्या तोंड मिटतात तर दाताखाली कचकन वाजतं.

बेसिनवर वाकून त्या थुंकतात.

काळी माती. ओली.