मी सुधारलेली चार पानं

पोरीनं मला फक्त प्रिंट काढायला पाठवलं होतं. प्रिंट काढायची, बांधून घ्यायची, फाइल विद्यापीठात पाठवायची. पण आळेफाट्यावर टायपिंगवाल्याशेजारी खुर्ची मिळाली, समोर तिचा एम.ए.चा प्रकल्प उघडला, आणि मला राहवलं नाही. मढ गावाकडच्या मेंढपाळ बायांबद्दल तिनं लिहिलं होतं : 'मेंढरं रस्त्यावर आली की गाडीवाले हॉर्न वाजवतात. बाया मागं वळूनही बघत नाहीत.'

एवढं सपक लिखाण विद्यापीठात कसं चालेल? पंचक्रोशीतल्या दशक्रियांना श्रद्धांजलीचं भाषण मीच करतो. लोक ऐकून घेतात. उठून जाता येत नाही म्हणून, असं बायकोचं मत. तर पहिली दोन आणि शेवटची दोन पानं मी तोंडी सांगून बदलून घेतली आणि फाइल पाठवून आलो. पोरीला बोललो नाही. गुण मिळाल्यावर सांगू, म्हटलं.

काही दिवसांनी तिला विभागातून बोलावणं आलं. तपासणीत चार पानं एआयनं लिहिलेली निघाली होती. सोबत मी गेलो. सरांनी वाचून दाखवलं, "खडतर वाटेवर चालणाऱ्या या माउलींच्या त्यागापुढे शब्दही नतमस्तक होतात."

"सर, ते मशीन नाय. मीच आहे तो," मी म्हणालो. विद्यापीठानं माझ्या भाषेची दखल घेतली, ती अशी.

सर हसले नाहीत. "काका, एआयनं लिहिलं काय नि तुम्ही लिहिलं काय, तिनं लिहिलेलं नाही. आणि सगळं स्वतःचं आहे म्हणून खाली तिची सही आहे. मला समितीला कळवावंच लागेल."

"मग कारवाई माझ्यावर करा."

"तुम्ही आमचे विद्यार्थी नाही."



पोर शांतपणे म्हणाली, "सर, मधलं सगळं माझं आहे. बायांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं आहेत. ही चार पानं मी पुन्हा लिहून देते." सर म्हणाले, दे, पण ती घ्यायची की प्रकल्पच रद्द करायचा, हे समिती ठरवेल. रद्द झाला तर वर्ष गेलं.

परतताना पिंपळवंडीजवळ ती म्हणाली, "पप्पा, त्या बाया जिवंत आहेत. तुम्ही त्यांना श्रद्धांजली वाहिलीय."

घरी येऊन ती दार लोटून लिहायला बसली. मी मनात माफी जुळवत होतो, पण तीही माइकसमोरच्यासारखीच व्हायला लागली, तेव्हा सोडून दिली. निदान चहा तरी द्यावा म्हणून कप घेऊन तिच्या खोलीकडं निघालो. बायकोनं वाटेतच तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आणा इकडं," ती म्हणाली. "तुमी नुसता कप ठिवायला गेला, तरी दोन वाक्यं सांगून याल."