चुडामण गुरुजींची जपानी

तक्रार मीच केली होती, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी माझ्या पाठीमागे सांगायला नको.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. भडगावपासून दोन कोसांवर आमची दोन मास्तरांची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी चुडामण गुरुजींकडे, मध्ये पत्र्याचा आडोसा. गुरुजींना ट्रान्झिस्टरवर टोकियोहून लागणारे जपानी भाषेचे धडे ऐकायचा नाद. पत्र टाकलं की तिकडून पुस्तकही फुकट यायचं. एवढ्यावर थांबले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण हा माणूस ते वर्गात घेऊन आला! 'किरित्सु' म्हटलं की पोरं उभी, 'चाकुसेकी' म्हटलं की खाली. पुन्हा एकदा सांगा, याला 'मो इचिदो'. समजलं नाही, याला 'वाकारिमासेन'. आधी मला हसू यायचं, मग राग यायला लागला. माझा वर्ग चिडीचूप, आणि पत्र्यापलीकडे दिवसभर 'वाकारिमासेन'चा गलका. पुढे भडगावला गेलो तेव्हा विस्तार अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं.

तपासणीची तारीख आली. साहेब थेट सातपुड्यातल्या पाड्यावर बदली करणार, अशी कुणकुण गुरुजींना लागली होती. घरी त्यांची आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून बसवायला घरात गुरुजींशिवाय दुसरं माणूस नाही. हे मला ठाऊक होतं, आणि तक्रार करताना ते आठवलं नव्हतं.

"उद्या एकही जपानी शब्द तोंडातून काढायचा नाही," त्यांनी पोरांना बजावलं.

साहेब आले. मीही दारात जाऊन उभा राहिलो. साहेबांनी स्वतः खडू हातात घेतला. आठशे सोळाला आठनं भाग, उत्तर एकशे दोन. हात झटकून विचारलं, "समजलं का?"

"हो साहेऽब!" सगळा वर्ग एका सुरात.

गुरुजींनी रुमालानं मान पुसली. सुटले, असं वाटून मलाही हायसं वाटलं.

तेवढ्यात भागा उठली. मेंढपाळाची पोर, माझ्याच वर्गातून वर गेलेली. दोन वर्षांत तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. वर्गात घरची अहिराणी बोललेली मला खपायची नाही, आणि 'समजलं नाही' असं म्हटलेलं तर मुळीच नाही. छडी हाताशीच असायची. फळ्यावरच्या त्या मधल्या शून्याकडे बोट करून ती म्हणाली, "वाकारिमासेन."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "काय बोलली ही?"

"समजलं नाही म्हणते, साहेब," गुरुजी म्हणाले.

"मग मराठीत सांगायला काय झालं?"

"मराठीत ते म्हणायला पोरं भितात, साहेब. तसं म्हटलं की मार मिळतो, हे ती आधीच शिकून येतात. जपानीत अजून कुणी मारलेलं नाही."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला मात्र दार सोडून पळून जावंसं वाटलं.

साहेबांनी शेरेबुक मागवलं. 'परकी भाषा तात्काळ बंद करावी. पुन्हा आढळल्यास बदली.' सही ठोकली आणि निघून गेले. शून्याचं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याला कान लावून बसलो होतो. गुरुजींनी तेच गणित पुन्हा घातलं आणि विचारलं, "समजलं का?" उत्तर येईना. पोरं परत मुकी झाली की काय, अशी धास्ती मलाच वाटली. ती झाली असती तर पाप माझं होतं.

मग भागाचा आवाज आला, चांगला खणखणीत. "गुरुजी, माले समजनं नही. आखो एकदाव सांगा."

"मालेबी नही!" दुसरं कुणीतरी म्हणालं. मग तिसरं. गुरुजी मोठ्यानं हसले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी माझ्या वर्गाकडे वळलो. फळ्यावर हातच्याची वजाबाकी होती.

"समजलं का रे?"

"हो गुरुऽजी!" चौतीस पोरं एका दमात ओरडली. त्या होकाराची मला पहिल्यांदाच भीती वाटली.