पुसलेली खूण

निवृत्तीनंतर माणसाने गुडघे सांभाळावेत. मी जुनी घरगाडी घेतली. चाळीसेक वर्षांपूर्वीची व्हॅन, आत कुणा हौशी माणसाने पलंग, छोटा ओटा आणि बेसिन बसवून घेतलेलं. कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे ती उन्हात पडून होती. चाकणच्या कंपनीत तीन शिफ्टमध्ये माझं आयुष्य गेलं. सणाला लातूरकडे गावी जाणं सोडलं, तर आम्ही नवरा-बायको मिळून कुठेही गेलो नव्हतो. ताम्हिणी घाट उतरून समुद्र बघायचा, एवढंच बायकोचं मागणं होतं.

पहिल्याच फेरीत मोशीच्या रस्त्यावर तिची हौस फिटली. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी गाडीला त्याचा पत्ता नसे. बायकोने गाडी कडेला घ्यायला लावली, उतरली आणि शेअर रिक्षाला हात केला.

"हे नीट झाल्याशिवाय मी घाटात येणार नाही," एवढं बोलून ती घरी गेली.

दोष शाफ्टचा होता. स्टिअरिंगपासून चाकं वळवणाऱ्या खालच्या बॉक्सपर्यंत जाणाऱ्या त्या दांड्याचे दोन्ही सांधे खिळखिळे झाले होते. इतक्या जुन्या गाडीचा तयार माल मिळत नाही, म्हणून भोसरीत एमआयडीसीतल्या एका टर्नरकडे गेलो. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळे चाचा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. त्यांनी गाळ्यासमोर गाडीला जागा दिली.

"शाफ्ट मी बनवतो, फिकर नका करू," ते म्हणाले. "पण काढायच्या आधी पंच मारून खूण करा, भाऊ. खाचांचं काम आहे, कुठल्याही खाचेत बसून जाईल."

लोखंडात ठिपका उठवणारा तो पंच मी मारला नाही. त्या अडचणीत पडून हातोडी चालवायची तर खांदा भरून येतो. पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले, एक वर स्टिअरिंगच्या टोकाला, एक खाली बॉक्सवर, आणि जुना शाफ्ट काढून चाचांच्या हवाली केला.

मग खंडेनवमी आली. चाचा मुसलमान, पण गाळ्यातल्या पूजेचा नारळ दरवर्षी तेच आणतात. सगळे लेथ डिझेलने पुसत होते. मलाही राहवेना. कंपनीत या दिवशी माझं मशीन लाइनमध्ये सगळ्यात चकचकीत असायचं, ती खाज अजून गेलेली नाही. डिझेलचं फडकं घेतलं आणि गाडीचा पुढचा भाग आतबाहेर लख्ख केला. बायकोने येऊन स्टिअरिंगला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. प्रसन्न वाटलं.

दसरा झाल्यावर नवा शाफ्ट हातात आला. खाली शिरून बघतो तर दोन्ही ठिपके गायब. माझ्याच हातांनी मी ते पुसले होते. चाचांना सांगायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने बसवला. स्टिअरिंग चांगलंच डावीकडे झुकलेलं राहिलं.

आता शाफ्ट परत उतरवून दोन-चार खाचा पुढे सरकवायला हवा होता. पण खांदा नुसता ठणकत होता आणि मी कंटाळलो होतो, खरं सांगायचं तर स्वतःलाच. बॉक्सपासून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याची लांबी मी कमी-जास्त केली. स्टिअरिंग सरळ दिसायला लागलं. बॉक्सचा मध्य मात्र एका बाजूला गेला, आणि मध्यावर नसलेला बॉक्स ढिला चालतो, एका बाजूला वळणही कमी देतो. असं काम करणाऱ्या नव्या पोरांना मी लाइनवरून उठवलेलं आहे.

बायकोला निरोप दिला, झालं काम. ती डबा घेऊन आली आणि आम्ही चक्कर मारायला निघालो. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अजून दोन बोटं रिकामं फिरत होतं. उजवीकडे वळताना गाडी पुरेशी वळेना, दोनदा मागे घ्यावी लागली.

"अजून हलतंय की," ती म्हणाली.

"नवीन आहे, बसायला वेळ लागतो."

"बरं."

हे 'बरं' मी तीस वर्षं ऐकत आलोय. रात्रपाळी लागली, बरं. रजा मिळाली नाही, बरं. तिने एकदाही उलटून विचारलं नाही आणि मीही तिच्या त्या गप्प बसण्यावर निभावून नेलं. त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. गाडी कडेला घेतली.

"खूण मीच पुसली," मी म्हणालो. "नंतर आळस केला. सरळ दिसतंय, पण काम वाकडं आहे. या गाडीत तुला घाटात नेलं असतं मी."

तिने डबा उघडला. "आधी खाऊन घ्या."

जेवण करून गाळ्यावर परतलो. मी लांब दांडा सोडवला, तिला स्टिअरिंगवर बसवलं आणि खालून सांगितलं, डावीकडे पार अडेपर्यंत फिरव, आता उजवीकडे, आणि फेरे मोज.

"साडेचार," वरून आवाज आला.

"पुन्हा मोज."

"साडेचारच."

त्याच्या निम्मे सव्वादोन, तिथे बॉक्सचा मध्य; तिला तिथे आणून थांबायला सांगितलं. पुढची चाकं सरळ केली, दांडा नीट लांबीचा करून जोडला, शाफ्ट उतरवून तिला स्टिअरिंग सरळ धरायला लावलं आणि परत चढवला. या वेळी पंच मारला. संध्याकाळ झाली होती. बाहेर आलो तेव्हा मान वळत नव्हती.

"झालं," मी म्हणालो. "चल, चालवून बघू."

ती हात पुसत होती. "बघायचं काय त्यात? तुम्ही म्हणताय ना झालं. उद्या सकाळीच निघू."

तिने शंका काढली असती तर मला हलकं वाटलं असतं. इतका विश्वास पेलायची मला सवय नव्हती आणि मला भीती वाटली. तिला स्टुलावर बसायला सांगितलं, उजेडाला बॅटरी घेतली आणि परत गाडीखाली शिरून पहिल्या बोल्टापासून तपासायला लागलो.