मामांचा ड्रम आणि माझी शाल

कामथडीच्या आमच्या मामांनी तरुणपणी पुण्यात एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवला होता, यावर मामींचा अजिबात विश्वास नव्हता. ("ह्ये आन् ड्रम? ह्यांच्या हातात वाटी ऱ्हात न्हाई!") मामांनी जपून ठेवलेल्या फाटक्या ड्रममध्ये मामींनी खुशाल कोंबडी अंड्यांवर बसवली होती.

अशात रॉकच्या इतिहासावर माहितीपट करणारे टीव्हीवाले आले, दिवसभर मामांचं शूटिंग करून गेले. मामांनी माझा हात धरला. "एकदा तुझ्या मामीला दिसू दे रं. मग म्या मराया मोकळा!"

झालं! भाचा पेटला. फाट्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स, देवळापुढं पडदा, शाल-नारळ घेऊन सरपंच. (आधी मामा दिसू तर देत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही!)

कार्यक्रम सुरू झाला. गायक दिसला. गिटारवाला दिसला, त्याची बोटं दिसली, बूटसुद्धा दिसले! गाणं जरा रंगात आलं की कुणीतरी अभ्यासक मध्येच घसा खाकरून सांगायचा, "आणि सगळं बदललं!" काय बदललं ते मात्र सांगायचा नाही. ड्रमवाला तर औषधालाही नाही.

"येतील आता," मी म्हणालो.

"कवा?" मामी.

"जाहिरातीनंतर!"

जाहिराती आल्या, गेल्या. पुन्हा बूट! मामांच्या नव्या टोपीखालून घाम गळायला लागला. सरपंच नारळ या हातातून त्या हातात करत होते.

तेवढ्यात पडद्यावर आमचं अंगण! कोंबडीसकट ड्रम! मामा ताडकन उठले. आणि ड्रमशेजारी... मी! शूटिंगच्या दिवशी उजेड बघायला मला मिनिटभर बसवलं होतं, तेव्हा तोंडाला येईल ते बरळलो होतो. "मामांनी काठी उचलली आणि सगळं बदललं!" खाली पट्टी: 'रॉक संगीताचे ज्येष्ठ अभ्यासक'. कार्यक्रम संपला.

मामी कमरेला पदर खोचून उठल्या.

"तवा तू जल्मला तरी हुतास का रं?"

"नाही, मामी."

"मंग? वाजवायचं ह्यांनी आन् दिसायचं ह्यानं? मुडदा बशिवला त्या टीव्हीवाल्यांचा!"

मामा बघतच राहिले. "म्हंजी... म्या वाजवत हुतो, व्हय?"

"व्हय तर!" मामी खेकसल्या.

मामांचा चेहरा असा फुलला म्हणता! "सरपंच, घाला ती शाल अभ्यासकाला!"

दुसऱ्याच दिवशी मामींनी ड्रम घासूनपुसून माजघरात ठेवला. कोंबडीला बसायला मऊ काहीतरी हवंच होतं. ती आता माझ्या शालीवर बसते.