पानाच्या फोटोतलं घड्याळ

भर दुपारी, बडनेऱ्यात, आमच्याच घरात गाद्यांच्या ढिगामागे लपून मी संत्र्याच्या एका पानावर पाळत ठेवली आहे. नाकारण्यात अर्थ नाही, पुरावा आहे!

झालं असं. आमची लेक पल्लवी पानांच्या रोगांवर प्रबंध लिहीत होती. शेवटचा एक फोटो राहिला होता आणि कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीचं छत दुरुस्तीला काढलेलं. म्हणून ती कॅमेरा घेऊन घरी आली. संध्याकाळच्या गाडीनं तो नागपूरला परत पोचवायचाच होता. सोबत निखिल नावाचा अकोल्याचा मुलगा. (कॅमेरा दोन किलोचा. उचलायला माणसं दोन. माझी पहिली शंका.)

"फोटोले अंधार काहून लागते?" मी विचारलं.

"काका, पान अंधारात बारीकसा उजेड सोडते. आपल्या डोळ्याले नाही दिसत, याले दिसते," निखिल म्हणाला. "आतून शून्याच्या खाली वीस डिग्री थंड राह्यते हा. गरम झाला तं फोटोत ठिपके येतात."

बाहेर पंचेचाळीस, आमच्या कूलरची मोटर जळालेली, मी बनियनवर, आणि कॅमेऱ्याला हिवाळा! त्यात दोघांनी मागच्या खोलीच्या दारा-खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. माझा संशय पक्का झाला.

"अवो, पोरगी शिकून राह्यली," बायको म्हणाली.

"अंधारात काय शिकते?"

"तुमी गिरणीवर जा. दळण आणा."

मी गव्हाचा डबा घेऊन निघालो आणि वळसा घालून, त्या खोलीच्या मागच्या दारानं, घोंगडी सारून आत शिरलो आणि गाद्यांमागे बसलो. दोघं आली. टेबलावर पान मांडलं, गाद्यांच्या दिशेनं तोंड करून कॅमेरा लावला आणि दार ओढून बाहेर निघून गेली! वायर दाराखालून हॉलमध्ये. लॅपटॉप तिकडे, दोघं तिकडे, मधोमध बायको. आत फक्त मी आणि पान.

मी हललो नाही, शिंकलो नाही. तेवढ्यात गाडीची शिटी झाली. तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो मी; शिटी ऐकली की मनगट आपोआप डोळ्यांसमोर येतं. आलं! रेडियमचे काटे चमकले. एक वाजून बारा. बेचाळीस मिनिटं लेट!

थोड्या वेळानं फोटो पूर्ण झाला आणि हॉलमध्ये पल्लवी किंचाळली. मी मागून सटकलो आणि डबा घेऊन पुढच्या दारानं साळसूदपणे आत आलो.

लॅपटॉपवर पुसटसं पान, आणि वरच्या कोपऱ्यात ढळढळीत घड्याळ.

"एक वाजून बारा," निखिलनं वाचलं. "काका, तवा तुमी गिरणीवर होते न?"

"होतो म्हणजे? होतोच!"

बायकोनं डबा उघडला. गहू जसेच्या तसे.

पल्लवीचे डोळे भरले. "बाबा, आता दुसरा फोटो कधी काढू? गाडी सुटते न मंग!"

मला खरोखर लाज वाटली. पण अक्कल गहाण पडली तरी नोकरी आठवते. "दुपारची एवढी लेट गेली. तीच गाडी संध्याकाळी फिरून येते, म्हंजे तासभर तरी लेट येते. आण दुसरं पान!"

गाडी सव्वा तास लेट आली. दुसरा फोटो प्रबंधात गेला. (तो निघेपर्यंत माझं घड्याळ बायकोच्या कनवटीला होतं.)

संशय मात्र अगदीच खोटा नव्हता. पुढच्या वर्षी निखिल आमचा जावई झाला. पहिला फोटो त्यांच्या अकोल्याच्या घरात भिंतीवर आहे, फ्रेम करून. पाहुण्यांनी विचारलं, की जावई गंभीरपणे सांगतो, "आमचे सासरे. ड्युटीवर."