पालथा दगड

लेकाला त्याच्या कंपनीनं रांजणगावहून कंबोडियाला कामावर पाठवलं. वर्षभरानं सून त्याच्याकडं राहायला निघाली, तेव्हा तो फोनवर म्हणाला, "आई, तूपण ये तिच्यासंगं. हजार हजार वर्षांची देवळं हायेत इथं." मालकांना जमणार नव्हतं, नव्या घराचं काम निघालं होतं. मी चौथी शिकलेली, शिरूरच्या बाजारातसुद्धा मालकांच्या मागं मागं चालणारी. तरी गेले. नाही म्हणायचं तरी तोंड उघडावं लागतं, ते मला जमलं नाही.

पहिलंच देऊळ बघितलं ते आमच्या सगळ्या गावठाणाएवढं. भिंतींवर दगडाच्या बायका, कुणाच्या हातात फूल, कुणाचे केस मोकळे. गाभाऱ्यात मात्र देव नव्हता. घरून नेलेला नारळ पिशवीतच राहिला. कुणापुढं फोडायचा?

मागच्या अंगणात पडलेल्या दगडांचा ढीग होता. एकेका दगडावर आकडा घातलेला, भोवती दोरी. तीनचार कामगार साखळीनं एक दगड उचलत होते. आम्ही थांबलो. वरून तो साधाच होता, सपाट, थोडा झिजलेला. त्यांनी तो हळूच उलटा केला आणि खालून बाईचा चेहरा निघाला. डोळ्यांत माती भरलेली. एकानं लहान ब्रश घेतला आणि आपल्या पोरीचं तोंड पुसावं तशी ती माती काढली.

मी तिथंच खाली बसले. सून म्हणाली, "ऊन लागलं का, आत्या?"

ऊन नव्हतं लागलं. मला आमचा धुण्याचा दगड आठवला होता.

तो घरामागं, चिंचेखाली. असाच सपाट, एका टोकाला गोल. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दाखवला आणि म्हणाल्या, "ह्यो हलवायचा न्हाई, उलथायचा न्हाई." का, ते मी विचारलं नाही. त्यांनाही त्यांच्या सासूनं तेवढंच सांगितलं असावं. तेव्हापासून रोज मी त्याच्यावर कपडे आपटत आले.

संध्याकाळी लेकानं मालकांना व्हिडिओ कॉल लावला. मागं जेसीबीचा आवाज येत होता.

"काय, बघितले का देव?" मालक म्हणाले.

"आवो, धुण्याचा दगड कुठंय?"

"आँ?"

"चिंचेखालचा."

"हाय की. परसदार सपाट करतोय. समदे दगडधोंडे नव्या घराच्या जोत्याच्या भरावात घालायचेत." मग लेकाला म्हणाले, "तुझी आई इमानानं तिकडं गेली आन् दगडाची चौकशी करती. तिला जरा भारी हाटेलात जेवायला ने."

लेक हसला. मीही हसल्यासारखं केलं. ठेवा म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायला माझ्याकडं काय होतं? राहिलेले दिवस मी काय बघितलं ते आठवत नाही. जिथं तिथं मला जोत्यात ढकललेला दगड दिसत होता.

परत आले तर घरामागं ओळखू येईना. चिंच तेवढी उभी. जेसीबी राहिलेले दगड भरावात लोटत होता, आणि आमचा दगड कडेला होता, अजून पालथाच. मी पिशवी टाकली, ओसरीवरचं बादलीतलं धुणं उचललं आणि जाऊन दगडापाशी बसले. मालकांचा सदरा पसरला आणि साबण लावायला लागले. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

जेसीबीवाला ओरडला, "माताजी, हटिए उधर से."

मी मान वर केली नाही. मशीन बंद झालं. मालक आले, मागून त्यांचे चुलते, आमचे आबा, काठी टेकत आले.

"अगं, आत्ताच आलीस न्हवं? धुणं पळून चाललंय व्हय?" मालक म्हणाले.

मी पदर नीट केला. आबांपुढं मी कधी बोलले नव्हते. "उलथून बघा," म्हणाले. "मग काय करायचं ते करा."

मालकांनी आबांकडं बघितलं. आबांनी मान हलवली. जेसीबीवाल्यानं दगडाखाली पट्टा घातला आणि सावकाश पलटवला.

खालून हात निघाला. कोपरात वाकलेला, पंजा वर केलेला बाईचा हात. मनगटापासून चुडा भरलेला. वर सूर्य आणि चंद्र.

जेसीबीवाल्यानं चपला काढल्या.

"सतीचा दगड हाय," आबा म्हणाले. "नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईचा. आमची आई सांगायची, कुणीतरी पालथा घातलाय म्हणून. मला वाटलं, दुसरीकडं कुठं असंल."

"पालथा का घातला?" मालकांनी विचारलं.

"काय म्हाईत. बघवत नसंल."

माझ्या हातात साबण लावलेला सदरा तसाच होता. जिथं मी बडवत होते ती तिची पाठ होती.

मालक जेसीबीवाल्याला म्हणाले, "चिंचेखाली उभा कर. नीट. पंजा वर." आणि माझ्याकडं न बघता, "म्हंजी आता मशीन घ्यावं लागंल धुण्याचं."

दुसऱ्या दिवसापासून बायका येऊन हळदीकुंकू वाहून जातात. मी वाहत नाही. सकाळी तांब्या भरून नेते आणि त्या हातावर पाणी घालते. जळालेल्या बाईला मला दुसरं काही द्यावंसं वाटत नाही.